कोरी पुडी

नुसतं बस म्हणालो होतो. एवढंच. पुण्याची नोकरी सोड, आपल्या दुकानात येऊन खुर्चीवर बस, पंखा लावून देतो, मोबाइल बघ, पुस्तक वाच, काय वाट्टेल ते कर. बापानं पोरीकडं मागून मागून मागितलं काय, तर बसायला मागितलं. पण आमच्या प्राचीला नुसतं बसणं ठाऊकच न्हाई. आली ती पहिल्याच दिवशी पांढरा एप्रन घालून काउंटरला उभी राहिली, आणि तिथनं माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो अजून उतरलेला न्हाई.

मी रायगोंडा पाटील. माधवनगरात आमचं पद्मावती मेडिकल हाय. गिरणीचा भोंगा ऐकून लोक घड्याळ लावायचे तवापासनं हाय म्हणा. मी स्वतः फार्मासिस्ट न्हाई, बारावी झालोय. आता तुमी म्हणाल, मग औषधाचं दुकान कसं? आवं, कसं म्हणजे, अशी लय दुकानं हायत. दुकानाला फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लागतं. त्याच्यासोबत तो माणूसबी दुकानात लागतो असं कायद्यात लिहिलंय, पण माणूस काय भिंतीला टांगता येत न्हाई, सर्टिफिकेट येतं. लोणंदचे शंभूराज म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचं सर्टिफिकेट कितीतरी वर्षं आमच्या भिंतीवर होतं. ते महिन्यातनं एकदा रेल्वेनं यायचे, रजिस्टरावर महिनाभराच्या सह्या एका दमात ठोकायचे, आमच्या घरी बायकोच्या हातचं जेवायचे आणि दुपारच्या गाडीनं परत. भला माणूस. एवढ्या वर्षांत एका गोळीला हात लावला न्हाई त्यांनी.

मग दोन वर्षांमागं प्राची बी. फार्म. झाली. तिचं सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मी शंभूराजांची फ्रेम उतरवली आणि पोरीची लावली. चंदनाचा हार घातला. शेजारीच भगवंताचा फोटो, तवा सकाळी दोघांना मिळून एकच उदबत्ती. पोरगी पुण्यात कंपनीत नोकरीला, सर्टिफिकेट माधवनगरात, आणि काउंटरला मी. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात औषध खात्याची तपासणी कडक झाली. ज्याचं सर्टिफिकेट तो माणूस दुकानात हजर पाहिजे, न्हाईतर लायसन्सवर गदा. म्हणून पोरीला बोलावलं. म्हणून म्हणालो, बस.

आणि बाईसाहेबांनी काय केलं? पहिल्या आठवड्यात बोर्ड लावला, 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही.' दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात. एक बाई आली, रोजची, म्हणाली, "आण्णा, दोन पांढऱ्या आन एक पिवळी द्या, अंग मोडून आलंय." मी हात पुढं करणार तेवढ्यात ही मधी. "कधीपासून? ताप किती? अजून कुठलं औषध चालू आहे का? पोटात जळजळ होते का?" ती बाई कावरीबावरी झाली. मला म्हणते कशी, "आवं आण्णा, ही पोरगी मला औषध देणार हाय का माझं लगीन जमवणार हाय?" दुकानातले सगळे हसले. प्राची न्हाई हसली. त्या बाईला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि पिवळी गोळी तिला चालत न्हाई असं निघालं, ते सोडा. पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. समोरच्या मेडिकलवाल्याची दिवाळी झाली.

पुडीवरनं तर घरात रणच पेटलं. आमची पद्धत अशी की पट्टीतनं गोळ्या फोडून पांढऱ्या कागदाच्या पुडीत घालायच्या, कोपरे आत खोचायचे, आणि पुडीवर काय म्हणजे काय लिहायचं न्हाई. का लिहायचं? नाव कळलं की माणूस उद्या समोरच्याकडं जाऊन तीच गोळी मागतो. कोऱ्या पुडीचं गिऱ्हाईक कुठं जात न्हाई. 'आण्णांची पुडी' म्हणत परत आपल्याच दारात. ही युक्ती माझी, आणि मला तिचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

"आण्णा, आपण काय खातोय हे त्या माणसाला कळायला नको?" प्राची म्हणाली.

"त्याला कळून काय करायचंय? बरं वाटतंय न्हवं? मग झालं की."

"आणि बरं नाही वाटलं तर? दुसऱ्या डॉक्टरला काय सांगेल तो?"

"सांगंल की, आण्णांनी दिली म्हणून."

तिनं कपाळाला हात लावला. मीबी लावला. आमची बायको पद्मावती म्हणाली, दोघं एकाच वळणाचे, आता गप जेवा.

आता धुळाचं सांगतो. धुळा मूळचा औंधकडचा. तरणा असताना यमाई देवीच्या पायाखालचं गाव सोडून इथल्या गिरणीत लागला. गिरणी बंद पडली तवा छातीत कापूस आणि दमा एवढंच घेऊन बाहेर आला. मग एका गोडाऊनवर वॉचमन. सहा वर्षांमागं एका सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला, श्वास घेता येईना, ओठ काळे. मी त्याला एक बारीक पांढरी गोळी दिली. दम्याच्या माणसांना डॉक्टर लिहून द्यायचे ती मी बघून होतो. स्टेरॉइड म्हणतात, मला नाव ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी गडी हसत आला. "मालक, ह्या गोळीत यमाई हाय!" म्हणाला. तिथनं जी सुरू झाली ती सुरूच. दिवसाला तीन, पंधरा दिवसांची पुडी, कोरी. वर्षभरात त्याचं तोंड गोल झालं, गाल वर आले. लोक म्हणायचे धुळानं तब्येत धरली. मीच चारचौघांत सांगायचो, माझ्या पुडीचं काम हाय ते.

प्राची आली तवा मला कळून चुकलं, ही गोळी हिला दिसली तर आकाशपाताळ एक करंल. म्हणून धुळाला सांगितलं, "गड्या, इथनं पुढं दुपारी दीडला येत जा. पोरगी जेवायला घरी जाते." त्यानं का म्हणून विचारलं न्हाई. बरोबर दीडला यायचा, पुडी घेऊन जायचा. तीन महिने कुणाला पत्ता न्हाई.

मग माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं आणि डोळ्याच्या डॉक्टरनं बजावलं, पंधरा दिवस दुकानाचं तोंड बघायचं न्हाई, धूळ न्हाई, वाकायचं न्हाई. दर दोन तासाला पद्मावती डोळ्यात थेंब घालायची आणि माझी चिडचिड ऐकायची. दुकान प्राचीच्या हातात. दुपारचा डबा ती तिथंच खायची.

चौथ्या दिवशी आमी दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो होतो. प्राची म्हणाली, "आण्णा, आज दीड वाजता एक माणूस आला होता. नेहमीची पुडी द्या म्हणतो. कसली पुडी विचारलं तर म्हणे, मालकांस्नी ठावं. मी म्हटलं, चिठ्ठी घेऊन या."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. "कसला माणूस?"

"गोल तोंडाचा. वयस्कर. कोण आहे?"

"असतात असले," मी म्हणालो.

पट्टी डोळ्याला होती, जिभेला न्हवती. तवा बोललो असतो तर एका वाक्याचं काम होतं. पण मनात हिशेब केला की दोन दिवस दम लागंल, गळून जाईल जरा, तवर मी दुकानात येतोच. आणि बोललो असतो तर पोरीनं तिथल्या तिथं माझी चंपी केली असती. तिच्या बोलण्याला भ्यालो, दुसरं काय.

दोन दिवसांनी परत आला. त्यानंतर परत. तिसऱ्या वेळेला प्राची वैतागूनच घरी आली. "आज हात जोडत होता तो. मला खरंच राग आला, आण्णा. एवढा मोठा बोर्ड लावलाय, वाचत का नाही?"

"वाचता येत न्हाई त्याला," माझ्या तोंडातनं निसटलं.

"म्हणजे ओळखता तुम्ही त्याला?"

"तसं न्हवं गं. असल्या माणसांना कुठं येतं वाचायला, असं म्हणालो."

तिनं बघितलं माझ्याकडं, पण तेवढ्यात पद्मावती थेंबाची बाटली घेऊन आली आणि मी डोकं मागं टाकलं.

त्यानंतर चार-पाच दिवस गेले. एका सकाळी प्राचीचा फोन आला. ड्रग इन्स्पेक्टर येऊन गेले होते. रजिस्टर बघितलं, फ्रीजचं तापमान बघितलं, हिचा एप्रन बघितला, बोर्ड बघितला. म्हणाले, असं चोख दुकान बघायला मिळत नाही. शेरा लिहिला, उत्तम. मला एवढा आनंद झाला की डोळा, डॉक्टर सगळं विसरलो, काळा चष्मा चढवला आणि पेढे घेऊन दुकानात गेलो. पोरीपुढं कबूल केलं न्हाई, पण छाती फुगली होती माझी.

पेढ्याचा पुडा सोडतच होतो तेवढ्यात धुळाची बायको माया धापा टाकत आली. पदर कुठं, चप्पल कुठं. "मालक, आवं मालक, आमच्या ह्यांस्नी काय तर झालंय बगा! चार दिस झालं अन्नाचा कण न्हाई, नुसत्या उलट्या. पोट धरून पडलं हुतं. आज सकाळी उठाय गेलं ते धाडदिशी खाली. सांगलीला मोठ्या दवाखान्यात नेलंय. सलायनवर सलायन लावल्यात पर बीपी वर यीना. डाक्टरीणबाई सारखं इचारत्यात, औषध कंचं खातोय? म्या म्हनलं पुडी. त्या म्हनल्या कसली पुडी? आता मला काय ठावं! जा म्हनल्या, जिथनं घेतली तिथं इचारून ये."

आणि तिनं मुठीतली रिकामी पुडी काउंटरवर ठेवली. पांढरी, घडी पडलेली. तिच्यावर एक अक्षर न्हाई.

प्राचीनं ती उलटीपालटी करून बघितली. खोचलेले कोपरे बघितले. "आण्णा, ही आपली पुडी आहे. काय होतं हिच्यात?"

मी भिंतीकडं बघितलं. चंदनाचा हार, फ्रेम, आणि फ्रेममधी माझ्या पोरीचं नाव. सहा वर्षांतल्या शेवटच्या दोन वर्षांच्या सगळ्या गोळ्या त्या नावाखाली गेल्या होत्या. पंचवीस वर्षांची पोर. चार वर्षं रात्रीचा दिवस करून शिकलेली. मी आता तोंड उघडलं तर ते नाव पुसलं जाणार, आणि ते मी पुसलेलं असणार. आणि तिकडं धुळा.

"कॅल्शियम," मी म्हणालो.

"म्हंजे काय वो?" मायानं विचारलं.

प्राचीनं पुडी खाली ठेवली. "कॅल्शियमच्या गोळीसाठी माणूस हात जोडत नाही, आण्णा." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "गोल तोंड होतं त्याचं. दंडावर काळेनिळे डाग होते. मी बघितले होते. समोर उभा होता, मी बघितले होते." तिनं माझा काळा चष्मा काढून घेतला. "स्टेरॉइड ना? किती दिवस देताय?"

"सहा."

"सहा महिने?"

"वर्षं."

प्राची खाली बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्या खुर्चीवर बसली.

"इतकी वर्षं खाल्लेली ही गोळी एकदम बंद करायची नसते, आण्णा. शरीर आपलं आपण ते तयार करायचं विसरून गेलेलं असतं. हळूहळू कमी करावी लागते. न्हाईतर माणूस जातो." पुण्याचं सगळं बोलणं सोडून ती माझ्यासारखं 'न्हाईतर' म्हणाली. "हे शिकवतात आम्हाला. परीक्षेत लिहिलंय मी. आणि तीनदा परत पाठवला त्याला, बोर्ड दाखवून."

मग ताडकन उठली. मी तिचं मनगट धरलं. "प्राची, ऐक माझं. नुसतं सांगू, ही गोळी खात होता म्हणून. कुठनं आणली ते माहीत न्हाई म्हणू. मायाला मी समजावतो."

"आणि रोज किती, किती वर्षं, कधी थांबली, हे आपल्याला कसं कळलं म्हणायचं? स्वप्न पडलं?"

"अगं सर्टिफिकेट जाईल तुझं!"

"माझं सर्टिफिकेट म्हणे!" ती ओरडली, मायासमोर, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. "दोन वर्षं उदबत्ती ओवाळत होता ना त्याला? एकदा तरी फोन करून विचारलंत का, प्राची, ही गोळी अशी देऊ का? एकदा?"

न्हाई विचारलं. खरंच सांगतो, विचारायचं असतं हे डोक्यातच आलं न्हाई. सर्टिफिकेट विचारायला असतं हे मला कुणी सांगितलंच न्हवतं.

शटर अर्धं ओढलं आणि तिघं रिक्षात बसलो. माया रडत होती, प्राची तिचा हात धरून होती. मी सांगलीपर्यंत डोळ्यातलं पाणी पुसत होतो आणि स्वतःला सांगत होतो, ऑपरेशनचं हाय.

वॉर्डात डॉक्टर सबीना म्हणून एक तरुण बाई होत्या. डोळे झोप न झाल्यानं सुजलेले. धुळा पलंगावर पडलेला, गोल तोंड राखेगत झालेलं. प्राची पुढं झाली आणि तिनं तोंड उघडायच्या आत मीच बोललो. कसं बोललो मला ठाऊक न्हाई.

"गोळी मी दिली. प्रेडनिसोलोन. दिवसाला तीन. सहा वर्षं. आता दहा-अकरा दिवस बंद हाय."

डॉक्टरीणबाईंनी एक सेकंद माझ्याकडं बघितलं. मग वळून ओरडल्या, "सिस्टर, हायड्रोकॉर्टिसोन! लवकर काढा!" चार माणसं पलंगाभोवती झाली. इंजेक्शन गेलं, दुसरी बाटली लागली. मी भिंतीला टेकून उभा.

जरा वेळानं त्या माझ्याकडं आल्या. "आजोबा, दोन तास. दोन तास आम्ही ह्यांचं हृदय तपासतोय, इन्फेक्शन शोधतोय, पोटाचा फोटो काढतोय. त्या पुडीवर एक शब्द लिहिलेला असता ना, एक शब्द, तर हे दोन तास वाचले असते. तुम्ही फार्मासिस्ट आहात?"

"न्हाई."

"मग दुकानात फार्मासिस्ट कोण आहे?"

शंभूराजांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, हे लपवत न्हाई. सहातली चार वर्षं त्यांचीच होती की. पण प्राची आधी बोलली.

"मी आहे."

डॉक्टर सबीनांनी तिच्याकडं बघितलं. दोघी एकाच वयाच्या असतील. "मला हे सगळं केसपेपरवर लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. आवाज मघासारखा कडक न्हवता.

"लिहा," प्राची म्हणाली. "तीन वेळा काउंटरवर आला होता, तेही लिहा."

दिवस कलायला लागला तवा बीपी वर आलं. धुळानं डोळे उघडले. आधी मायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ हलले. मी वाकलो, डोळ्याचा डॉक्टर वाकू नको म्हणाला होता तरी वाकलो.

"मालक," धुळा म्हणाला, "डोळा बरा झाला न्हवं तुमचा?"

मला मग एकदम संतापच आला. "अरं गाढवा, डोळ्याचं काय घेऊन बसलायस? गोळी मिळंना तर दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं न्हाईस व्हय? इतके दिवस काय झोपला होतास?"

"तुमच्या पोरीनं सांगितलं हुतं, तुमचं आपरेशन झालंय म्हनून," त्याचा श्वास पुरत न्हवता. "म्हनलं डोळा बरा झाला की मालक देत्यालच. आन डाक्टरला काय सांगू? पुडीचं नाव काय?"

मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन जिन्यात बसलो. चाळीस वर्षं न्हवतो रडलो तेवढा रडलो. येणारेजाणारे म्हणत होते, कोण गेलं आजोबांचं?

धुळा वाचला. आता त्याची गोळी हळूहळू कमी करायला लागलेत. दवाखान्यातनं मिळते, पट्टीत, नावासकट. आमचं दुकान औषध खात्यानं महिन्याभरासाठी बंद केलं. तेच इन्स्पेक्टर आले, ज्यांनी उत्तम लिहिलं होतं. ह्या वेळेला ते माझ्याकडं बघतबी न्हवते. शंभूराजांना लोणंदला फोन करून सगळं सांगितलं, तर पहिलं वाक्य काय असावं माणसाचं? "पाटील, माझं नाव कुठं आलंय का हो?" फोनच ठेवला मी.

दुकान बंद तरी धुळा दीडला येतो. सवय. बंद शटरपुढं मी खुर्ची टाकून बसतो, तो पायरीवर बसतो आणि पट्टी पुढं करतो. "मालक, ह्याच्यावर काय लिवलंय वाचा की." रोज वाचून दाखवतो. रोज तेच लिहिलेलं असतं.

हे सगळं मी सोसलं, कारण ते माझं होतं. पण मग प्राचीच्या नावानं फार्मसी कौन्सिलची नोटीस आली. तुमचं नाव फार्मासिस्टच्या यादीतनं का काढू नये, त्याचा खुलासा करा. मी तो कागद चारदा वाचला. त्याच्यात माझं नाव कुठंच न्हवतं. खालच्या नंबरावर फोन लावला.

"मी रायगोंडा पाटील बोलतोय, दुकानाचा मालक. त्या गोळ्या मी दिल्यात. पोरीला काय म्हणजे काय माहीत न्हवतं."

"नोटीस तुम्हाला आहे का?"

"न्हाई, पोरीला हाय, पण..."

"मग खुलासा त्यांनीच करायचा. ज्यांचं रजिस्ट्रेशन, त्यांनी."

"आवं पण साहेब, चूक माझी हाय म्हणतोय न्हवं मी!"

"तुमची आमच्याकडं नोंदच नाही," तो माणूस म्हणाला. आवाजात राग न्हवता काय न्हवतं. बरोबरच बोलत होता. इतकी वर्षं गावाला गोळ्या वाटल्या आणि त्या यादीत मी कधी न्हवतोच.

काल दुपारी प्राची स्वयंपाकघरातल्या टेबलावर खुलासा लिहायला बसली. मी समोर. "लिही," म्हणालो, "तू पुण्यात होतीस. बापानं न विचारता सर्टिफिकेट लावलं. तू आल्यावरबी तुझ्या मागं दिलं. तुला ठाऊक न्हवतं. सगळं माझ्या डोक्यावर घाल, माझी काय तक्रार न्हाई."

तिनं तसंच लिहिलं. फक्त 'न विचारता' लिहिलं न्हाई. सर्टिफिकेट लावायला माझी हरकत नव्हती, असं लिहिलं. मग मला वाटलं संपलं, तर बाईसाहेब दुसरा कागद घेतायत. मी मान लांब करून वाचलं. 'रुग्ण तीन वेळा माझ्यासमोर आला. मी चिठ्ठी मागितली, पण त्याला काय होतंय हे विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर आणि हातावर लक्षणं दिसत होती. मला ती ओळखता यायला हवी होती. मी त्याला डॉक्टरकडे पोहोचवायला हवं होतं.'

माझं डोकंच सटकलं. "हे कुणी विचारलंय तुला? नोटिशीत हाय का हे कुठं? कायद्यानं बरोबर वागलीस तू! चिठ्ठीशिवाय दिलं न्हाईस! इन्स्पेक्टरनं उत्तम शेरा लिहिलाय, त्याची झेरॉक्स जोड की!"

"जोडलीय," ती म्हणाली. "त्याच दिवशी धुळाकाका पडले, तेही लिहिलंय."

"अगं पण का? आपल्या पायावर आपण धोंडा पाडून घ्यायचा?"

"काढलं नाव तर काढलं, आण्णा. पण नाव ठेवलं तर हे वाचून ठेवू देत."

पद्मावती शेगडीपाशी उभी होती. तिनं गॅस बारीक केला.

प्राचीनं खाली सही केली, नाव लिहिलं, नोंदणी क्रमांक लिहिला, आणि पाकीट आणायला आत गेली. कागद माझ्यापुढं पडलेला. मी सगळा परत वाचला. तिच्या सहीशेजारी तारीख होती, क्रमांक होता. माझ्या सहीला जागा कुठंच न्हवती. मग पेन उचललं आणि तिच्या नावाखाली, जमेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं, 'ह्या मुलीला वाचवण्यासाठी लिहीत नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मी दिल्या आणि पुडीवर नाव लिहिलं नाही. रायगोंडा पाटील.'

प्राची पाकीट घेऊन आली. तिनं ते वाचलं. आता ही म्हणणार, आण्णा, ऑफिसचा कागद आहे, खराब केलात, परत लिहावा लागेल. मी तयारच होतो भांडायला. तिनं कागदाची घडी घातली, पाकिटात सारली, आणि पाकीट चिकटवायला माझ्या हातात दिलं.